मदत हवी आहे: बॉक्स उचलताना कंबर गेली, ठेकेदार म्हणतो हा अपघातच नाही

भिवंडीला एका गोदामात ठेकेदाराकडून कामाला आहे, गाड्या खाली करायचं काम. पंधरा दिवसांपूर्वी रात्रपाळीत टाइल्सचा कंटेनर लागला. जागा नसल्याने पॅलेट माझ्या पाठीमागे. बॉक्स उचलायचा, पाय तिथेच, कंबरेतून वळून मागे ठेवायचा. शंभरेक झाले असतील, अन् एका वळणाला कळ आली ती थेट डाव्या पोटरीपर्यंत.

आधी उसण समजून शेकलं. आईच्या आग्रहाखातर पायाळू माणसाचा पायही लावून घेतला (हसू नका). शेवटी एमआरआय काढला, मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय. वजन उचलणं बंद.

सुपरवायझर म्हणतो, "अंगावर काही पडलं का? मग अपघात कसला? आजारपणाची रजा टाक." वर 'पूर्वीपासून कंबरदुखी' अशा कागदावर सही मागतोय. पगार १७,०००, स्लिपवर ईएसआयचे (सरकारी कामगार विमा) १२८ रुपये कापलेले दिसतात. आजारपणात ७० टक्के आणि कामावरच्या दुखापतीत ९० मिळतात म्हणे. हा फरक म्हणजे माझं खोलीचं भाडं. सही करू का?

प्रतिसाद १
अजिबात नको! अंगावर काही पडलंच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. पाळीत, नेमून दिलेलं काम करताना, अमुक क्षणी कळ आली, हीच घटना. तारीख, वेळ, सोबत कोण होतं हे लिहून ठेकेदाराला द्या, पोच घ्या, अपघात वहीत नोंद मागा. घेत नसेल तर स्पीड पोस्ट करा आणि एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांवर थांबतो, दुखापतीचा डॉक्टर कामाला अयोग्य ठरवतील तितके दिवस चालतो. रजेचं सर्टिफिकेट मात्र ईएसआय दवाखान्यातूनच घ्या.

प्रतिसाद २
फिजिओ आहे. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना २३ किलोची मर्यादा धरतात. ९० अंशांत वळायचं असेल तर ती १६ वर येते, तुम्ही तर त्याहून जास्त वळत होतात. बॉक्स किती किलोचा?

धागाकर्ता
२८ किलो, बॉक्सवरच छापलंय, फोटो आहे. सही करत नाही. पण सोबतची दोन्ही पोरं त्याच ठेकेदाराची, ती लिहून देतील असं वाटत नाही. आणि खासगी डॉक्टरांच्या केसपेपरवर नुसतं 'कंबरदुखी' आहे, उचलताना झाल्याचं मी सांगितलंच नव्हतं. आता ते लिहून घेता येईल का?