मदत हवी आहे: जर्मनीत कलम २४ वरून ब्लू कार्ड

ऑफिसमधल्या युक्रेनियन सहकारी बाईंसाठी विचारतेय. त्यांना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, हवाय. त्यांचा सध्याचा परवाना जर्मन निवास कायद्याच्या कलम २४चा, म्हणजे तात्पुरत्या संरक्षणाचा. कार्डावर मुदत ४ मार्च २०२४ अशी छापलीय. मुदत ४ मार्च २०२७पर्यंत आपोआप वाढली, पण त्यासाठी नवं कार्ड देत नाहीत. नेमकी इथेच बँक आणि घरमालक अडून बसतात.

पासपोर्ट वैध आहे, पदवी अनाबिनमध्ये (परदेशी पदव्यांची जर्मन यादी) मान्य, करार कायमचा, पगार ब्लू कार्डच्या मर्यादेपेक्षा जास्त. ब्लू कार्डच्या ऑनलाइन अर्जाची पोच आलीय, पुढे काहीच नाही. दोनदा ईमेल केली. सरकारी भत्ता घेत नाहीत. पुढच्या महिन्यात पोलंडमार्गे आईला भेटायला ल्विव्हला जायचंच आहे, त्यामुळे थांबणं शक्य नाही.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा: निकाल येईपर्यंत कलम २४ पुरतं, की 'फिक्सिओन्सबेशायनिगुंग' (अर्ज प्रलंबित असतानाचा तात्पुरता निवास दाखला) मागून घ्यावं? आणि परतताना पोलंडच्या सीमेवर जुन्या तारखेच्या कार्डासोबत कुठला कागद चालला?