जंगलाला लागून काजूची बागायत: जाळरेषा किती रुंद, आणि वणवा आलाच तर कुठपर्यंत विझवायचा?

डोंगरपायथा_सत्तरी

नमस्कार मंडळी. गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या वरच्या अंगाला आमची साधारण दोन हेक्टर काजूची बागायत आहे. पूर्वेला, म्हणजे चढाच्या बाजूला, थेट अभयारण्याचे रान. उत्तरेला उघडा उतार, त्यावर कंबरभर गवत. खाली पश्चिमेला घर, गोठा, कुळागर (सुपारी-माडांची पाटपाण्याची बाग) आणि त्यापलीकडे वायंगणाची, म्हणजे पाण्यावरच्या रब्बी भाताची शेते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते. नौदल आणि हवाईदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकले, तरी कड्यांवरच्या आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. तशी वेळ यायच्या आधी तयारी करायची आहे.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, किती रुंद काढायची आणि कधी? बेणणीतून (बागेच्या साफसफाईतून) निघालेला पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, जाळायचा नाही तर त्याचे काय करायचे? आग आलीच तर कुठपर्यंत विझवायची आणि कधी सोडून निघायचे? घरात आईला दमा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

रानवाट

वणवा अडतो तो जानेवारीत काढलेल्या रेषेवर. धूर दिसल्यावर दाताळे हातात घेतले तर दहा मीटरसुद्धा होत नाही. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा.

रुंदी सगळीकडे सारखी नको. शेजारी जे गवत-झुडूप उभे आहे त्याच्या उंचीच्या दीडपट मोकळी जमीन हा साधा हिशेब, पण कुठेही तीन मीटरपेक्षा कमी नाही. तुमच्याकडे सगळ्यात वाईट बाजू उत्तरेची आहे, जंगलाची नव्हे. सुके गवत भराभर पेटते आणि दुपारी वायव्येचा वारा सुटला की ज्वाळा जवळजवळ आडव्या होतात. तिथे पाच ते सहा मीटर ठेवा. जंगलाच्या बाजूने आग उतारावरून खाली येणार, ती तुलनेने संथ असते. तिथे साडेतीन-चार मीटर पुरतात, पण नुसती झाडलोट करून भागत नाही. उतारावरून पेटते ओंडके, बांबूची कांडी, सुके शेण घरंगळत येते आणि रेषा ओलांडून खाली पेट घेते. म्हणून रेषेच्या वरच्या कडेला वीतभर खोल चर खणा आणि निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला बांधासारखी लावा. घरंगळणारे निखारे तिथेच अडकतात.

रेषेत तांबडी माती किंवा कातळ दिसला पाहिजे. बरेच जण ग्रास कटर फिरवतात आणि कापलेले गवत तिथेच टाकतात. कापलेले गवत उभ्या गवतापेक्षा लवकर सुकते, म्हणजे आगीला वाटच करून दिली. कापणी डिसेंबरच्या सुरुवातीला, दाताळ्याने ओढून काढणे जानेवारीत, आणि नंतर मार्चअखेरपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी पुन्हा झाडणी. साग, किंदळ, माट्टी, नाणा यांची पानगळ त्याच दिवसांत चालते. जानेवारीत आरशासारखी केलेली रेषा फेब्रुवारीच्या शेवटी पानांनी भरलेली असते. ही फेरझाडणी राहून जाते म्हणूनच बहुतेक रेषा फुकट जातात. ब्लोअर मिळाला तर एक माणूस सकाळभरात बरीच लांबी उरकतो. पाने मात्र जंगलाच्या बाजूला ढकलू नका, तिकडे ढीग झाला की नेमकी रेषेलगतच आग भडकते.

रेषा जाळून काढायची नाही. वनखाते आपल्या हद्दीत तसे करते, पण ठरावीक दिवसांत आणि माणसे उभी करून. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणे किंवा पेटती सोडणे याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने मनाई आहे. हद्दीपलीकडची साफसफाई वनखात्याचीच. त्यासाठी वाळपईच्या वनक्षेत्र कार्यालयात डिसेंबरमध्ये लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रेषेच्या आड मोठे झाड आले तर वळसा घाला. खासगी जमिनीतल्या झाडालाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

शिवाय जमिनीला टेकणाऱ्या काजूच्या फांद्या दीड मीटर उंचीपर्यंत छाटून टाका. आग त्यांच्यावरूनच शेंड्याला चढते.

कुळागर_डिचोली

रानवाट यांचे बाकी सगळे मान्य, पण फांद्या जानेवारी-फेब्रुवारीत सरसकट छाटू नका. तेव्हा झाड मोहोरावर असते आणि खालच्या फांद्यांवरही पीक धरते. त्या दिवसांत फक्त सुकलेल्या फांद्या काढा. हिरव्या फांद्यांची छाटणी काजू संपल्यावर, पाऊस थोडा उघडेल तेव्हा करा आणि जखमांना बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर बुरशी आत शिरते. यंदा टेकलेल्या फांद्यांखालचा पातेरा हाताने ओढून काढला की काम होते. खाली जळायला काही नसेल तर आग फांदीपर्यंत पोचतच नाही.

आता पातेऱ्याचे. काजू वेचायला सोपे जावे म्हणून जमीन साफ करायची, ढीग लावायचे आणि संध्याकाळी काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. सत्तरीतल्या कित्येक वणव्यांचे मूळ याच ढिगांत असते. ढीग वरून विझतो, आत दोन-तीन दिवस धुमसतो, आणि दुपारच्या वाऱ्याला एक ठिणगी बाहेर पडते. त्याऐवजी झाडाच्या चढाकडच्या बाजूला, खोडापासून दोन मीटरवर आडवे चर खणा: दोन मीटर लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. त्यात पातेरा पायाने दाबून भरा आणि वर चार बोटे माती टाका. ही माती विसरायची नाही, उघडा पातेरा चरातही पेटतो. पावसात तिथेच पाणी मुरते, आणि दोन वर्षांत खत तयार. वेळ नसेल तर पातेरा खाली कुळागरात नेऊन सुपारीच्या ओल्या आळ्यांत घाला. पाटाचे पाणी फिरते तिथे तो कुजतो.

कुळागर स्वतः ओले असल्याने सहसा पेटत नाही, पण माडांच्या सुक्या झावळ्या आणि सुपारीच्या विऱ्या काठावर रचून ठेवल्या असतील तर त्या उचला.

आणि आवारात हुर्राकाची (काजूच्या दारूची) भट्टी लागत असेल तर तिची जागा पाहा. भट्टीभोवती चार मीटर उघडी माती, जवळ पाण्याने भरलेले पिंप, आणि काम संपले की निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी. राखेवर तळहाताची मागची बाजू धरून ऊब लागत नाही तोवर भट्टी सोडायची नाही. राख बागायतीच्या कडेला टाकायची तर नाहीच.

समुद्रवारा

वाऱ्याबद्दल थोडे. फेब्रुवारी ते एप्रिल सकाळी वारा घाटाकडून खाली येतो, कोरडा असतो. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून वारा चढू लागतो. म्हणजे सकाळी जंगलातून तुमच्याकडे संथपणे उतरणारी आग दुपारी फिरून चढावर धावते. विझवणारी माणसे बहुतेक या बदलाच्या वेळीच अडकतात. आगीच्या वरच्या बाजूला दुपारी कोणीही थांबायचे नाही. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, वीस अंशांना चौपट. माणसाचा चढावरचा वेग मात्र निम्म्यावर येतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की आपल्या भागातल्या आगींचे संदेश मोबाइलवर मिळतात. उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहांवरून ते येतात ते दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात, आणि दाट झाडीखाली सरपटणारी छोटी आग त्यांना दिसतही नाही. त्यांच्या आधी तुम्हालाच धूर दिसेल.

लाल_बंब

धूर दिसला की पहिला फोन ११२ किंवा १०१, लगेच दुसरा वनक्षेत्र कार्यालयाला. सांगताना गाव, वाडा, जवळचे देऊळ किंवा पूल, बंब कुठपर्यंत येतो आणि पाणी कुठे भरता येईल हे सांगा. व्हॉट्सॲपवरून लोकेशन पाठवा, पण तोंडी खूण सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. घाटाच्या बाजूला रेंज जाते.

विझवायचे कुठपर्यंत? ज्वाळा कमरेच्या खाली असतील, आग सपाटीवर किंवा उताराने येत असेल, आणि तुमच्यासोबत किमान तिघे असतील तरच हात घाला. एक जण बाजूला उभा राहून फक्त वाऱ्यावर आणि मागच्या वाटेवर नजर ठेवील, त्याच्या हातात फांदी द्यायची नाही. ज्वाळा सव्वा मीटरच्या वर गेल्या की हाताच्या अवजारांनी काही होत नाही. तिथून माघारी.

पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप या कामाला फार चांगला. त्यात दोन चमचे भांड्यांचे लिक्विड घाला, पाणी पानांवरून ओघळून न जाता आत भिनते. तणनाशकाला वापरलेला पंप आधी नीट धुवा. पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर मारू नका. आगीच्या कडेने चालत, बुडाशी मारत जा. कड आधी विझवायची, मध्यभाग आपोआप बसतो. ओल्या फांदीने झोडपताना फांदी डोक्यावर नेली की निखारे मागे उडतात. फांदी ज्वाळेवर दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची.

निघायच्या वाटा दोन ठेवा, दोन्ही खाली जाणाऱ्या. वायंगणाची ओली शेते तुमच्यासाठी उत्तम जागा आहे. तिथपर्यंत जाता आले नाही तर आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात जा, तिथे पुन्हा जळायला काही उरलेले नसते. घळीत, पाण्याच्या सुक्या वाटेत कधीच शिरू नका. ती आग धुराड्यासारखी वर ओढते.

समोरून उलटी आग लावण्याचा प्रकार कोणी सुचवला तरी करू नका. वारा फिरला तर दोन आगींच्या मध्ये सापडाल.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पायात चामड्याचे बूट, प्लॅस्टिकची चप्पल नको.

डोंगरपायथा_सत्तरी

मनापासून धन्यवाद. उत्तरेची बाजू जास्त वाईट, हे ध्यानातच नव्हते. दोन शंका. विहिरीवरचा पंप विजेवर चालतो, तो त्या वेळी चालेल का? आणि गुरांचे काय करायचे?

लाल_बंब

चालेल असे धरू नका. आग तारांखाली आली की लाइन बंद होते किंवा बंद करायला लावतात. हजार लिटरची टाकी घराच्या वरच्या अंगाला, सात-आठ मीटर उंचीवर बसवा आणि एक इंची पाइप घराभोवती फिरेल एवढा जोडून ठेवा. चढावरून येणारा दाब घराभोवतीची जमीन भिजवायला पुरतो. जानेवारी ते मे ही टाकी घरकामाला वापरायची नाही, भरलेलीच ठेवायची.

गुरे आधी सोडा. दावे कापा, शेताच्या दिशेने हाका आणि गोठ्याचे दार मागून लावा. घाबरलेले जनावर परत आपल्या गोठ्यात शिरते. गवताची गंजी गोठ्याला टेकून असेल तर आत्ताच दहा-पंधरा मीटर लांब हलवा. घराला धोका बहुतेक वेळा ज्वाळेचा नसतो, उडून येणाऱ्या निखाऱ्यांचा असतो. ते गंजीवर, कौलांच्या नळ्यांत साचलेल्या पानांवर किंवा पडवीतल्या पोत्यांवर पडतात. काजूबियांची पोती पडवीत नकोत. टरफलातल्या तेलाने ती भडकतात आणि तो धूर डोळ्यांना, कातडीला भाजल्यासारखा लागतो. पेटलीच तर वाऱ्याकडे पाठ ठेवून माती टाका.

सिलिंडरचा नॉब बंद, रेग्युलेटर काढून कॅप लावा, खिडक्या बंद करा. दारे लावा, पण कुलूप नको. बंबवाल्यांना आत शिरता आले पाहिजे.

दवाखाना_फोंडा

आईंना आग जवळ आल्यावर नाही, धुराचा वास यायला लागल्यावरच हलवा. रात्री थंड हवेबरोबर धूर दरीत उतरतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत धुक्यासारखा बसून राहतो. म्हणजे आग दोन किलोमीटर लांब असतानाही पायथ्याच्या घरात दम लागू शकतो. वाळपई-साखळीपेक्षा खाली, मोकळ्यावरच्या नातेवाइकांकडे आधीच बोलून ठेवा. पिशवीत दम्याचा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची नळी), नेहमीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी. ओला रुमाल घशाला बरा वाटतो, पण बारीक कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ अडवतो, तरी कार्बन मोनॉक्साइड तोही अडवत नाही. विझवणाऱ्यांपैकी कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर त्याला त्याच क्षणी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून न्या. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा नाकातले केस जळालेले दिसले, आवाज बसला, तर थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात), आणि १०८ नेच. श्वासनलिका सुजायला वेळ लागत नाही.

धुरातून गाडी काढायची झाली तर काचा बंद, एसी आतली हवा फिरवणाऱ्या बटणावर, दिवे लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुरावर आपटून परत डोळ्यांवर येतो. 

रानवाट

छाटणीबाबत कुळागर यांचे बरोबर आहे, माझे ते वाक्य मागे घेतो.

एक राहिले. आग विझली असे वाटल्यावर निदान दोन दिवस पहाटे फेरी मारा. पहाटे हवा थंड असते, त्यामुळे बुंध्यातून निघणारी बारीक धुराची रेघ स्पष्ट दिसते. पोकळ झाड आतून जळत असेल तर त्याच्या पडण्याच्या टप्प्यात उभे राहू नका, खूण करून वनरक्षकाला दाखवा. जळते ओंडके उताराला आडवे पडले असतील तर वर-खाली उभ्या दिशेने वळवा, म्हणजे घरंगळणार नाहीत, आणि मग माती लोटा. बागायतीवरून विजेची तार जात असेल आणि फांद्या तिला घासत असतील तर आत्ताच १९१२ वर तक्रार नोंदवा, स्वतः कोयता घेऊन चढू नका. तक्रारीचा क्रमांक पंचायतीलाही द्या.