प्रभागांच्या सीमा कोणी आखाव्यात: सरकारने की स्वतंत्र आयोगाने?

परळकर:
मुंबई महापालिकेचे 227 प्रभाग एका सरकारने वाढवून 236 केले आणि ऑगस्ट 2022 मध्ये दुसऱ्या सरकारने ते पुन्हा 227 वर आणले. मधल्या काळात नवी जनगणना झाली नव्हती. हाताशी आकडे होते ते 2011 चेच. शिवाय मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःच्या सरकारकडे घेतले. त्याच महिन्यात पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. या विलंबाला इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वादही कारणीभूत होता, हे मान्य. पण प्रभागसंख्येच्या घोळाने त्यात भरच घातली. म्हणून निवृत्त न्यायमूर्ती, लोकसंख्येचा अभ्यासक आणि नकाशाशास्त्राचा जाणकार असा तिघांचा आयोग कायद्याने नेमावा, त्याने जनगणनेनंतर एकदाच रचना करावी आणि ती सरकारवर बंधनकारक असावी.

भांडुपवासी:
स्वतंत्र आयोग आपल्याला नवा नाही. लोकसभा-विधानसभेसाठी न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून मतदारसंघ आखले. त्यात आमदार-खासदार केवळ सहयोगी सदस्य होते, त्यांना मताधिकार नव्हता. 2008 च्या त्या रचनेत मुंबई शहर जिल्ह्याला विधानसभेच्या 10 आणि उपनगराला 26 जागा आल्या. हिशेब चोख होता, परंतु चाळी रिकाम्या होऊन माणसे उपनगरात का गेली, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. मागे एकदा मी प्रभागाच्या प्रारूप आराखड्यावर हरकत नोंदवली होती. सुनावणीला हातात मिळाली ती नकाशाची झेरॉक्स, जिच्यात नाला, गल्ली आणि प्रभागाची हद्द एकाच जाडीच्या काळ्या रेघेने दाखवली होती. आमची वस्ती रेघेच्या कुठल्या बाजूला, हे समोरच्या अधिकाऱ्यालाही बोट ठेवून सांगता येईना, आणि दोन मिनिटांत पुढचे नाव पुकारले गेले. तिथे न्यायमूर्ती बसले असते म्हणून ती रेघ बारीक झाली नसती.

गोरेगावकर:
तिसऱ्या संस्थेची गरजच काय? राज्य निवडणूक आयोग राज्यघटनेच्या कलम 243-के ने निर्माण केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट केले की सरकारी पदावरील व्यक्तीकडे राज्य निवडणूक आयुक्तपद सोपवता येणार नाही. तिथे विधी सचिवांकडेच अतिरिक्त कार्यभार दिला होता. आज मुंबईत मसुदा करतात पालिका आयुक्त, म्हणजे सरकारनेच नेमलेले अधिकारी, आणि निवडणूक आयोगाकडे तो शेवटी मंजुरीला येतो. हा क्रम उलटा करा, काढून घेतलेले काम आयोगाला परत द्या. नव्या आयोगाचे सदस्य नेमणार कोण, याचे उत्तर परळकरांच्या तिघांच्या यादीत नाही.

भांडुपवासी:
शिवाय आयोग टिकतोच असेही नाही. कॅलिफोर्नियात 2008 च्या जनमताने 14 नागरिकांचा आयोग आला: दोन मोठ्या पक्षांचे प्रत्येकी 5 आणि बाकीचे 4. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्याच मतदारांनी अमेरिकी संसदेच्या जागांपुरता त्याचा नकाशा काही निवडणुकांसाठी बाजूला सारून विधिमंडळाने आखलेला स्वीकारला, कारण टेक्सासने प्रतिस्पर्धी पक्षाच्या सोयीने आपला नकाशा बदलला होता.

परळकर:
पण तिथे सत्ताधाऱ्यांना उघडपणे मतदारांकडे जावे लागले. इथे एका अध्यादेशावर भागते. नेमणुकीबाबत गोरेगावकरांचा मुद्दा मला खोडता येत नाही. राज्य निवडणूक आयुक्तही राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळच, पण निदान पदावरून दूर करण्याची पद्धत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसारखी कठीण आहे. तेव्हा काम त्यांच्याकडे जात असेल, तर तिघांचा हट्ट मी सोडतो. मात्र प्रत्येक प्रभागात कोणते प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) घातले, त्यांची लोकसंख्या किती आणि हद्द कोणत्या रस्त्याने वा नाल्याने जाते, ही यादी सुवाच्य नकाशासह हरकतींची मुदत सुरू होण्याआधी प्रसिद्ध झाली पाहिजे. ती अट मी सोडणार नाही.