गावकऱ्यांचे सत्कार : 'बंदच करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

बांधावरून

'ज्याने काम केले तो सत्कार मागत नाही आणि जो मागतो त्याने काम केलेले नसते. म्हणून ग्रामपंचायतींनी आणि तालुक्यांनी हे शाल-श्रीफळाचे सोहळे बंदच करावेत' अशा आशयाचा मजकूर 'कोरडवाहू' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी या चर्चामंचावर टाकला आणि त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. वाक्य टाळ्या घेणारे आहे, याबद्दल वाद नाही. ते खरे आहे का, एवढाच प्रश्न आहे.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले ते कोणी शाल घालावी म्हणून नव्हे. पण २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि पुढे २०२० ची पद्मश्री जाहीर झाल्यानंतर अकोले तालुक्यातल्या त्या गावाचे नाव घरोघरी पोहोचले आणि गावठी वालाच्या बियाण्याबद्दल शहरातली माणसेही बोलू लागली. सन्मानाने काम निर्माण होत नाही, हे मान्य. मात्र केलेले काम चारचौघांच्या नजरेस आणण्याचे दुसरे साधन आपल्या गावांजवळ कोणते आहे, ते 'कोरडवाहू' यांनी सांगावे.

आमच्या गावात पाणी सोडणारे एक काका होते. व्हॉल्व्ह फिरवायचा लांब दांड्याचा पाना खांद्यावर टाकून रात्री-अपरात्री फिरणाऱ्या या माणसाशी गावाचे बोलणे म्हणजे 'आमच्या आळीला पाणी कमी का आले' एवढेच असे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई आपणहून उभ्या राहिल्या आणि आपल्या सुनेच्या बाळंतपणाच्या रात्री उपकेंद्राची टाकी कोरडी पडली असता याच माणसाने मध्यरात्री येऊन ती कशी भरली, हे त्यांनी सांगितले. हा प्रसंग गावाला ठाऊकच नव्हता. सत्कार नसता तर तो कोणाला कळलाही नसता.

म्हणून माझे म्हणणे असे की सत्कार चालू ठेवावेत, पण निवड ग्रामसभेत उघडपणे व्हावी, वर्षाला एकच नाव असावे, केलेले काम मोठ्याने वाचले जावे, हरकत घ्यायला वाव असावा आणि निवडीची कारणे इतिवृत्तात लिहिली जावीत.

कोरडवाहू

काकांची कथा हृद्य आहे. आता दुसरी बाजूही सांगून टाका : त्या काकांचा पगार त्या महिन्यात वेळेवर झाला होता का? त्यांचा भविष्य निर्वाह निधी कोणी भरत होते का? आमच्या पंचक्रोशीत पाणी सोडणाऱ्यांचे पगार वसुलीअभावी महिनोन् महिने थकतात आणि ज्यांनी पाणीपट्टी भरलेली नसते तेच व्यासपीठावर टाळ्या वाजवायला पुढे असतात.

आपण पद्मश्रीचे उदाहरण देता, म्हणून मी अगदी तळाचे देतो. २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ठरवले की ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांचा सन्मान करायचा : प्रमाणपत्र, सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ आणि रोख ५०० रुपये. राज्यात २७ हजारांवर ग्रामपंचायती आहेत, म्हणजे एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक कर्तबगार महिला. कर्तबगारीचे एवढे पीक एकाच तारखेला काढणीला आलेले मी कुठे पाहिले नाही. माझ्या थोरल्या वहिनींचा आमच्या गावात असाच एकदा सत्कार झाला. प्रमाणपत्रावर नाव छापलेले नव्हते, रिकाम्या जागेत बॉलपेनने लिहिले होते आणि आडनाव चुकले होते. वर मात्र नेत्यांची छायाचित्रे अशी ठसठशीत होती की सत्कार नक्की कोणाचा, असा प्रश्न पडावा. वहिनींनी पाकीट देवघरात ठेवले आणि प्रमाणपत्र धान्याच्या कोठीमागे सारले.

सावली

मी आशा स्वयंसेविका आहे आणि त्या ३१ मेच्या कार्यक्रमात माझाही सत्कार झाला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे थांबवते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. त्या दिवशी गावातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांनी आपल्या मोबाइलवर आम्हाला अभिनंदनाचे फलक पाठवले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीत राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना संपावर जावे लागले होते, तेव्हा यांतल्या एकानेही चौकशी केली नव्हती. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा संप झाले, आम्ही आझाद मैदानात बसलो, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ जाहीर झाली. ही वाढ व्यासपीठावरून मिळालेली नाही, ती रस्त्यावर बसून मिळवलेली आहे.

तरीही, बांधावरून दादा, तुमची बाजू मी पुरती खोडणार नाही. माझ्या सत्काराच्या वेळी सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. 'रात्री-बेरात्री कोणाच्या बाळंतपणाला जातेस' म्हणून बोलणे थांबले ते त्या दिवसापासून. ५०० रुपयांची ती नोट दुसऱ्या दिवशी पेट्रोलमध्ये गेली, पण घरातला हा बदल मात्र टिकला.

खडूफळा

सावलीताईंचे लिखाण वाचून बरे वाटले, पण शिक्षकांचे काय? आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकानेच स्वतःचा प्रस्ताव तयार करायचा, स्वतःच्याच उपक्रमांची छायाचित्रे चिकटवायची, दाखले गोळा करायचे, जाडजूड फाईल पंचायत समितीत नेऊन द्यायची आणि ५ सप्टेंबरची वाट पाहत बसायचे. माझ्या शाळेतले एक सहकारी वस्तीवरची मुले शाळेत यावीत म्हणून स्वतःच्या सायकलवर दोन फेऱ्या घालत. त्यांना फाईल करणे जमले नाही. ज्यांची फाईल सुबक होती ते 'आदर्श' ठरले, आणि ती फाईल त्यांनी ज्याच्याकडून करून घेतली तो तालुक्याच्या ठिकाणी फाईल तयार करून देण्याचाच धंदा करतो. मला पुरस्कार मिळाला नाही म्हणून मी हे लिहीत आहे, असे कोणी म्हणेल, खुशाल म्हणावे.

कोरडवाहू

गुरुजी, हेच तर मी म्हणत होतो. आपणच माझ्या बाजूने साक्ष दिली आहे.

खडूफळा

मी कोणाच्याच बाजूने नाही. मी फायलीच्या विरुद्ध आहे. सत्काराच्या विरुद्ध नाही.

कलम १८

चर्चा भावनेवर चालली आहे, म्हणून थोडी घटना आठवून द्यावी म्हणतो. आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म सन्मान हे किताब नव्हेत, असे सांगून ते टिकवले. मात्र नावाच्या आधी किंवा नंतर ते लावता येणार नाहीत, असेही बजावले. आपल्याकडे देशाचा नागरी सन्मान नावापुढे लावायला मनाई आणि इकडे कोणत्याशा प्रतिष्ठानाने वर्गणी घेऊन दिलेला 'समाजभूषण' लग्नपत्रिकेत, वाढदिवसाच्या फलकावर, मोटारीच्या काचेवर आणि दशक्रियेच्या जाहिरातीतही! ग्रामसभेने गौरव करावा, पण त्याला नाव देऊ नये. 'ग्रामभूषण' म्हटले की पुढच्या निवडणुकीत तो शब्द फलकावर चढलाच म्हणून समजा.

बांधावरून

ही सूचना उत्तम आहे आणि ती मी स्वीकारतो. कोरडवाहू यांच्या आक्षेपांचे मात्र उत्तर द्यायला हवे. त्यांचा सारा युक्तिवाद असा आहे की पगार थकला असेल तर कौतुक करू नये. या न्यायाने जगात कोणाचेच कौतुक करता येणार नाही. शिवाय बोलण्याच्या भरात ते एक गोष्ट विसरतात : ज्या माणसाचे नाव गावाने चारचौघांत घेतले आहे, त्याचा पगार थकवणे सरपंचाला अधिक अवघड जाते.

कोरडवाहू

हे आपण कोणत्या गावाबद्दल बोलत आहात? आमच्याकडे सरपंचाला काहीही अवघड जात नाही.

सावली

दादा, रागावू नका, पण इथे तुमचे चुकते आहे. सत्कार झाल्यावर पैसे मागणे आम्हालाच अवघड जाते. थकलेल्या मोबदल्याबद्दल मी तालुक्याला विचारायला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी हसून सांगितले, 'ताई, तुम्ही तर पुरस्कार मिळालेल्या सेवाभावी कार्यकर्त्या, तुम्ही पैशाचे काय घेऊन बसलात?' खुर्चीवर बसलेल्या माणसाने उभ्या बाईला असे विचारले की काय वाटते, ते तुम्हाला कसे सांगू? सेवाभाव हा शब्द मी त्या दिवसापासून स्वतःसाठी वापरत नाही. अंगणवाडीच्या ताईंचेही हेच. डिसेंबर २०२३ पासून त्या ५२ दिवस संपावर होत्या. त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळायला हवे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले असूनही त्यांना सेविका म्हणून हार घालायचे आणि कर्मचारी म्हणून मोजायचे नाही, हे चालूच राहिले.

पारावरचा

मानधनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण आता धागा त्याचाच झाला आहे. आशांच्या मोबदल्याचा विषय ज्यांना चालवायचा आहे त्यांनी वेगळा धागा काढावा, ही नम्र विनंती.

सावली

पारावरचे काका, गावात उत्कृष्ट सेवा करणाऱ्यांची यादी तुम्हीच करून बघा. आशा, अंगणवाडी सेविका, पाणी सोडणारा, सफाई कामगार, स्मशानात लाकडे रचणारा. यांतल्या कोणाला पुरेसा पगार आहे? हा वेगळा विषय नाही, हाच विषय आहे. वेगळ्या धाग्यावर आम्हाला पाठवण्याची सवय आमच्या चांगली ओळखीची आहे.

पारावरचा

ठीक आहे, विनंती मागे घेतो. मग माझेही ऐका. मी माणसाचा नव्हे तर गावाचा सन्मान व्हावा, या मताचा होतो. २००० साली आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणले, तेव्हा आमच्या गावात म्हातारीकोतारी माणसे खराटा घेऊन रस्त्यावर उतरली होती आणि कोणा एकाचा फोटो छापून आला नव्हता, याचा मला आजही अभिमान आहे. त्यानंतर २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. तंटे मिटवल्याचे गुण होते. आमच्या समितीने काय करावे? ज्यांच्यात कधी तंटा नव्हताच अशा दोन चुलतभावांत कागदावर बांधाचा तंटा लावून दिला आणि मग तो थाटात मिटवला. खरा तंटा, जो वरच्या आणि खालच्या आळीत पिढ्यान् पिढ्या आहे, त्याला कोणी हात लावला नाही. तेव्हा गावाला बक्षीस दिल्याने खोटेपणा टळतो, असेही मला आता म्हणता येत नाही.

कोरडवाहू

खालच्या आळीचा विषय आपण काढलात, ते बरे झाले. ग्रामसभेने निवड करावी म्हणणाऱ्यांनी सांगावे की ग्रामसभेत बोलतो कोण? ज्या गावात एका वस्तीने हात वर करायचा आणि दुसऱ्या वस्तीने दाराशी उभे राहायचे असा रिवाज आहे, तिथे उघड निवडीत स्मशानात लाकडे रचणाऱ्याचे नाव कोण सुचवणार? हिवरे बाजारचे उदाहरण कोणी देण्याआधीच सांगतो : पोपटराव पवारांसारखा सरपंच हजारांत एखादा असतो, आणि तिथे सन्मान आला तो अनेक वर्षे ग्रामसभा नीट चालवल्यानंतर. आपण सन्मानापासून सुरुवात करू पाहता.

बांधावरून

आपण इतके सारे निराशेने पाहता की आपल्याशी वाद घालण्यात अर्थ उरत नाही. ग्रामसभा वाईट, समिती वाईट, शासन वाईट, गावही वाईट. मग चांगले काय, फक्त आपले मत?

कोरडवाहू

व्यक्तिगत पातळीवर उतरायचे असेल तर मलाही उतरता येते. आपल्या गावात मागच्या वर्षी ज्यांची निवड झाली ते आपले कोण लागतात, हे इथे सांगाल का?

बांधावरून

चुलत मेहुणे लागतात. त्यांनी स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी स्वतःची सहा गुंठे जमीन विनामोबदला दिली, सातबाऱ्यावर फेरफार करून दिली, आणि निवडीच्या वेळी मी सभेत गप्प बसलो होतो. याउपर आपल्याला काय हवे आहे?

कलम १८

जमीन विनामोबदला देणे ही निर्विवाद मोठी गोष्ट आहे. परंतु नातेवाइकाने गप्प बसणे पुरेसे नाही. त्याने त्या विषयापुरते सभेबाहेर जावे. कोणत्याही निवड समितीत हाच संकेत असतो.

खडूफळा

अशाने आमच्या गावात सभेत कोणीच उरणार नाही. सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात.

सावली

आमच्या गावात आम्ही एक केले, ते सांगते आणि थांबते. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिच्यात आम्ही नावे सुचवली, आणि प्रत्येक नावासोबत त्या व्यक्तीचे पंचायतीकडे किंवा कोणत्याही खात्याकडे किती येणे थकले आहे, हेही लिहून दिले. सभेत दोन्ही एकत्र वाचायला लावले. सफाई करणाऱ्या मावशींचे नाव वाचले गेले, त्यापाठोपाठ थकबाकीचा आकडा वाचला गेला, आणि शाल हातात घेऊन उभे असलेले उपसरपंच ती घालावी की नाही, या विचारात पडले. थकबाकीतली निम्मी रक्कम महिनाभरात मिळाली. उरलेली अजून मिळायची आहे.

कोरडवाहू

असा सत्कार असेल तर माझी हरकत नाही. सत्काराला वसुलीचे साधन केल्याबद्दल सावलीताईंचाच सत्कार करावा, असे मी सुचवतो. अर्थात त्यांची थकबाकी वाचून. बांधावरून यांनी मात्र हे आपल्या प्रस्तावाचे समर्थन समजू नये.

बांधावरून

समजणार आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय सावलीताईंच्या दुरुस्तीसह लेखी देत आहे. येणे थकले असल्यास आधी आकडा, मग नाव.

पारावरचा

गणपूर्तीचे काय करणार? १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे तरी हजर लागतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले की निम्मा गाव जिलेबी घेऊन घरी जातो.

कोरडवाहू

सभा तहकूब होईल. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सरपंचांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. तेव्हा साहेब, विषय लेखी देताना पोच घ्या, आणि तो मूळ सभेच्याच विषयपत्रिकेवर आला आहे की नाही, ते नोटीस फळ्यावर लागल्यावर स्वतः जाऊन वाचा. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, असे म्हणून तो पुढच्या वर्षावर ढकलतील.