मदत हवी आहे : आंघोळीचे पाणी आणि पिल्लांचे शेड, दोन्हींसाठी बाहेरचा लाकडी बॉयलर बसवावा का?

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची शेती असून वस्तीवरच राहते घर आणि ब्रॉयलर कोंबड्यांचे ३० बाय २०० फुटांचे शेड आहे. एका बॅचला पाच हजार पिल्ले येतात. सोलापुरात घर उबदार ठेवण्याचा विषय काढला तर लोक हसतील, याची मला कल्पना आहे. घरासाठी आम्हाला फक्त दहा माणसांच्या आंघोळीचे आणि भांड्यांचे गरम पाणी हवे आहे. उबेची खरी गरज शेडला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, आणि पहिल्या आठवड्यातील पिल्लांना ३२ ते ३४ अंश तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवत नेले, तरी हिवाळ्यातील बॅचला तीन आठवडे बाहेरून ऊब दिल्याशिवाय भागत नाही.

सध्या आम्ही गॅसचे ब्रूडर (पिल्लांवर टांगलेल्या ऊब देणाऱ्या छत्र्या) आणि कडाक्याच्या थंडीत कोळशाच्या बुखाऱ्या, म्हणजे मोठ्या शेगड्या, वापरतो. गॅसचा खर्च हे बदल करण्याचे एक कारण आहे, पण माझ्या मते ते मुख्य कारण नाही. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते आणि ती सगळी शेडमध्येच राहते. त्यामुळे खालचे तूस ओले होते, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबू लागतो आणि पडदा उघडावा तर ऊब जाते. बुखारीचा धोका त्याहून मोठा आहे, कारण पडदे बंद असताना धुमसणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. शेडमध्ये रात्री माणूस झोपतो. म्हणून आग शेडच्या बाहेर असावी आणि आत फक्त गरम पाणी फिरावे, असे माझे मत बनले आहे. थंड देशांत शेतावर बाहेरच्या बाजूला लाकडी बॉयलर ठेवून घर आणि गोठा किंवा वर्कशॉप दोन्ही गरम करतात; आपल्या भाषेत सांगायचे तर तो भला थोरला बंबच. त्याला पंप, पाइप आणि आत रेडिएटर जोडायचे, एवढीच भर.

मी केलेला हिशेब असा आहे. ऊब देताना आम्ही शेडचा ३० बाय ६० फुटांचा भाग पडद्यांनी वेगळा करतो आणि सात फुटांवर प्लास्टिकचे छत बांधतो. बाहेर १३ आणि आत ३३ अंश धरले, तर पडद्यांतून, छतातून आणि फटींतून जाणारी उष्णता तासाला २५ ते ३० हजार किलोकॅलरी भरते. वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी मिळतात. बॉयलरने त्यातल्या निम्म्या जरी पाण्यात उतरवल्या तरी ऐन थंडीत तासाला १५ ते १७ किलो लाकूड लागेल. लाकडाची ददात नाही. ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली आहे, बांधावर सुबाभूळ आहे आणि तुराट्यांचा ढीग दरवर्षी पडून असतो.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. बॉयलरची जागा शेडपासून ६० आणि घरापासून १२० फुटांवर येईल, आणि मधली जमीन भारी काळी असल्यामुळे उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात व पावसात ती फुगते; अशा जमिनीत गरम पाण्याचा पाइप पुरावा कसा, हे समजत नाही. बोअरचे पाणी इतके जड आहे की घरच्या गीझरचे कॉइल दर वर्षी पांढऱ्या थराने भरते. वीज गावठाणाच्या लाइनवर असली तरी रात्री जाते, आणि पंप थांबला असताना बॉयलरमध्ये लाकूड पेटलेले असले तर काय होईल, हा प्रश्न मला सर्वांत अधिक भेडसावतो. शिवाय वर्षातले नऊ महिने हे यंत्र केवळ आंघोळीच्या पाण्यासाठी चालेल, तेव्हा ते परवडेल का? ज्यांनी पोल्ट्रीत, रंगाईच्या कारखान्यात किंवा अन्यत्र असा बॉयलर चालवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कोरडवाहू

आपला हिशेब मला योग्य वाटतो, परंतु त्यातच एक गोष्ट दडलेली आहे. गॅसचा ब्रूडर त्याच्या छत्रीखालचे तूस आणि पिल्ले तापवतो, तर रेडिएटर सगळी हवा तापवतो. त्यामुळे बॉयलर घेताना आपण ब्रूडरपेक्षा कितीतरी मोठे काम अंगावर घेत आहात. म्हणून आधी पडदे सुधारा. चार इंचांची पोकळी ठेवून दुहेरी पडदा लावला, तर पडद्यातून जाणाऱ्या उष्णतेत सुमारे एक तृतीयांश बचत होते आणि त्याचा खर्च बॉयलरच्या मानाने किरकोळ आहे. छत सात फुटांऐवजी सहा फुटांवर घेता आले तर तेही करावे. माणसाला वाकावे लागेल, पण तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे.

ट्रकचा जुना रेडिएटर आणि त्यामागे पंखा, ही युक्ती आमच्याकडे एकाने केली होती. ऊब उत्तम मिळाली, पण तुसाची धूळ आणि पिसांचा कोंडा यांनी जाळी सतत चोंदत असे. पाइपचे साधे फेरे भिंतीलगत, जमिनीपासून फूटभर उंचीवर फिरवले, तर पाइप अधिक लागतो, परंतु झाडूने साफ करता येतो आणि पंख्याचा झोत पिल्लांच्या अंगावर येत नाही.

प्रतिसाद : वाफारा

माझे आयुष्य रंगाई कारखान्याच्या बॉयलरवर गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. आपली यंत्रणा उघडी ठेवा, म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरून निघालेला मोकळा पाइप उंचावरच्या टाकीत सोडा आणि त्या पाइपवर कोणत्याही कारणाने व्हॉल्व्ह बसवू नका. एक लिटर पाण्याची सुमारे १,६७० लिटर वाफ होते. तिला वाट मिळाली तर फक्त पाणी उकळते, नाही मिळाली तर पत्रा फाटतो. पाणी १०० अंशांच्या खाली राहत असेल, तर असे भांडे बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही; १९२३ च्या कायद्याची तरतूद अशीच होती आणि आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. कायद्याची सूट मिळाली म्हणून काळजीची सूट मिळत नाही. वीज गेल्यावर पंपाविना पाणी फिरत राहावे यासाठी पाण्याची साठवण टाकी बॉयलरपेक्षा उंचावर ठेवा. गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली येते. बंद पंपातून पाण्याला नीट वाट मिळत नाही, म्हणून टाकीकडची ही वाट पंपावाचून मोकळी असावी. फेऱ्यांच्या पंपाला छोटा इन्व्हर्टर पुरतो.

दुसरी गोष्ट टाकीची. बाहेरच्या बॉयलरचे खरे दुखणे हे की ऊब नको असेल तेव्हा हवा बंद करून लाकूड धुमसत ठेवले जाते. त्यातून दाट धूर निघतो आणि आतल्या पत्र्यावर डांबरासारखा चिकट थर चढतो. यावर उपाय म्हणजे ३,००० लिटरची टाकी ठेवून लाकूड मोठ्या आचेवर एकदाच जाळावे आणि उष्णता पाण्यात साठवावी. पाणी ८० वरून ५० अंशांवर येईपर्यंत त्यातून ९०,००० किलोकॅलरी निघतात, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐन थंडीचे तीन तास. परतीचे पाणी ५५-६० अंशांहून गार बॉयलरमध्ये शिरू देऊ नये, अन्यथा तोच थर पुन्हा जमेल. त्यासाठी गरम पाण्याचा थोडा हिस्सा परतीत मिसळणारा व्हॉल्व्ह मिळतो. लाकूड पावसाळ्याआधी फोडून शेडखाली रचावे. निम्मे पाणी असलेल्या ओल्या लाकडातून किलोमागे जेमतेम २,००० किलोकॅलरी मिळतात. तुराट्या पेटवणासाठी ठेवा, त्या भुरकन जळून जातात.

जड पाण्याची चिंता करू नका, कारण फिरणारे पाणी तेच तेच असते. पहिल्यांदा छपरावरचे गाळलेले पावसाचे पाणी भरा आणि गंजरोधक औषध टाका. आंघोळीचे पाणी मात्र या पाण्यात मिसळू देऊ नका. टाकीत वेगळे कॉइल टाकून त्यातून घ्या आणि ते कॉइल काढून धुता येईल असे बसवा. पाणी ३० वरून ९० अंशांवर गेले की सुमारे ३ टक्के फुगते, म्हणून मोकळा पाइप जिथे सोडला आहे त्या उंचावरच्या टाकीत किमान १५० लिटरची मोकळी जागा असू द्या.

पाइप काळ्या मातीत थेट पुरू नका. विटांचा चर बांधून वर शहाबादी फरशीची झाकणे ठेवा, चराला उतार द्या आणि पाइपवर जलरोधक आवरण घाला. ओले आवरण असून नसल्यासारखे असते. साधा पीव्हीसी पाइप या तापमानाला वाकतो; लोखंडी किंवा गरम पाण्यासाठी मिळणारा सीपीव्हीसी घ्या. १५ अंशांचा फरक धरला तर तासाला २,००० लिटर पाणी फिरवावे लागेल आणि त्याला सव्वा इंची पाइप बरोबर होईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुहेरी पडदा याच हिवाळ्याआधी लावतो, आणि त्यानंतर किती उष्णता लागते ते पाहूनच बॉयलरचा आकार ठरवतो; तोवर गॅसचे ब्रूडर ठेवणार आहे आणि पुढेही दोन जादाचे म्हणून राहतील. बुखाऱ्या मात्र आताच बंद करतो. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून येतो, त्यामुळे शेड आणि घर या दोहोंच्या पश्चिमेला जागा धरली, तर धूर रस्त्याकडे निघून जाईल असे दिसते.

वाफारा काका, आणखी दोन गोष्टी विचारतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका फॅब्रिकेटरने आगीच्या बाजूला ३ मिलिमीटरचा पत्रा सुचवला आहे. मला तो पातळ वाटतो, आपण किती जाडीचा घेतला असता? आणि उन्हाळ्यात शेडचा फेरा बंद राहील तेव्हा त्यातले पाणी भरलेलेच ठेवावे की काढून टाकावे?

प्रतिसाद : वाफारा

आगीच्या बाजूला ६ मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नका, आणि पैसे चुकते करण्यापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत भांड्यात गार पाणी भरून दाबाची चाचणी करून घ्या. एकही सांधा पाझरला तर तो पुन्हा वेल्ड करून चाचणी पुन्हा घ्यावी. फेऱ्यातले औषध घातलेले पाणी भरलेलेच राहू द्या, अर्धवट रिकामा पाइप लवकर गंजतो. मात्र पावसाळ्याआधी राख खरवडून काढा आणि धुराड्यावर टोपी घाला, कारण ओल लागलेली राख पत्रा खाते.