एअरब्रशला हवा कुठून द्यावी? शनिवारच्या आत ठरवायचंय

पिवळाठिपका: एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या ब्रशमधून, मध्येच पाण्याचे थेंब उडतात. काल मॉडेलच्या पंखाला रंगाचा शेवटचा थर देताना तेच झालं, तीन दिवसांची मेहनत वाया गेली. हा कॉम्प्रेसर आता नको. टाकीवाला घेऊ की सिलिंडर? मॉडेल शनिवारी द्यायचंय.

जुनापिस्टन: आत्ताचा कोणता आहे? टाकी आहे का? नोझल, प्रेशर, रंग? नुसतं 'थेंब उडतात' म्हणून कसं कळणार?

सुईदोरा: सरळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्या. गॅस कोरडा, आवाज नाही. बाळ झोपल्यावर मी रात्री निवांत रंगवते. रेग्युलेटर मात्र त्याच गॅसचा लावा, 20 अंशांना आत साधारण 57 बार दाब असतो.

तांबडीमाती: बंद खोलीत तो गॅस साचतो, तेही सांगा. शिवाय भरायला सारखं कोण नेणार? मी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरतो, अजिबात आवाज नाही.

सुईदोरा: खिडकी तर रंगाच्या वाफांसाठीही उघडी लागतेच. आणि फ्रिजवाल्याचं तेल हवेबरोबर येतं, त्याचं काय? थरावर गोल चट्टे पडतात.

तांबडीमाती: फिल्टर लावलाय. चार वर्षांत एकही चट्टा नाही.

कोरडीसुई: अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर वाळतो. रिटार्डरचे (रंग हळू वाळवणारं द्रव) दोन थेंब घाला, मोकळं चालेल.

पिवळाठिपका: अहो, रंग वाळत नाहीये, पाणी येतंय! छोटा डायफ्रॅमवाला (लवचीक पडदा हलवून हवा दाबणारा) आहे, टाकी नाही. नोझल 0.3 मिमी, प्रेशर 25 psi. पहिली वीस मिनिटं ठीक, मग पाणी. हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप आहे, कॉम्प्रेसरलाच.

जुनापिस्टन: मग गडबड तिथेच आहे. दाबलेली हवा गरम असते. ट्रॅपपर्यंत पाणी वाफेतच राहतं, पुढे नळीत हवा गार झाली की थेंब धरतात. शनिवारपुरता दुसरा ट्रॅप ब्रशजवळ लावा आणि पंधरा मिनिटांनी मशीनला विश्रांती द्या. नंतर टाकीवाला पिस्टन घ्या. टाकीत हवा गार होते, पाणी तळाशी बसतं, डायफ्रॅमचे धक्केही जिरतात. काम संपलं की तळाचा नळ उघडून पाणी काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. 25 हे ट्रिगर दाबून वाचलंत का?

पिवळाठिपका: न दाबता. दाबल्यावर काटा 14 वर येतो.

जुनापिस्टन: म्हणजे खरं प्रेशर 14च. दाबून 20 मिळतंय का बघा. मिळत नसेल तर रंग आणखी पातळ करावा लागेल. कोणता रंग, ते अजून सांगितलं नाहीत.