दारू एकाची, कामे सगळ्यांची: घरातल्या भूमिकांविषयी अनुभव

व्यसनी माणसाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्याच्याभोवतीची माणसे नकळत कोणती कामे अंगावर घेतात, याविषयी मात्र कमी. अमेरिकेतील समुपदेशक शॅरन वेगशायडर-क्रूझ यांनी १९८१ साली पुस्तकरूपाने अशा भूमिका मांडल्या: पांघरूण घालणारी व्यक्ती, कर्तबगार मूल, सगळे खापर ज्याच्यावर फुटते ते मूल, कुणाच्या खिजगणतीत नसलेले मूल आणि सर्वांना हसवणारे मूल. मराठवाड्यातील घरांत त्या कशा दिसतात, हे सोसलेल्यांनीच लिहावे. नाव-गाव सांगण्याचे बंधन नाही.

थोरली मुलगी, बीड जिल्हा
वडील ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेत आणि तिच्यातली बरीचशी रक्कम टोळी कारखान्यावर जाण्याआधीच गावात संपून जाई. हिशोबाची वही लहानपणीच माझ्याकडे आली; मुकादम दारात आला की वडील परसात निघून जात आणि मी वही उघडून त्याच्यापुढे धरत असे. ‘पोरगी लई गुणाची’ असे सारी गल्ली म्हणायची, आणि त्या कौतुकामुळेच वही खाली ठेवणे मला कधी जमले नाही. आता भाऊ कमावता आहे, तरी त्याच्या मोटारसायकलच्या हप्त्याची काळजी त्याच्याआधी मलाच लागते.

पत्नी, लातूर
यजमान कामावर गेले नाहीत की ‘त्यांना ताप आहे’ असा फोन मीच करायची. सासूबाईंना सांगायला पित्ताचे कारण होतेच. ‘फोन केला नाही तर काय होईल?’ असे समुपदेशकांनी विचारले, तेव्हा नोकरी जाईल, याखेरीज मला उत्तर सुचले नाही. मी फोन बंद केले, वरिष्ठांची नोटीस आली आणि त्यानंतरच ते उपचारांना तयार झाले. सगळीकडे असेच घडेल असे नाही, आणि जिथे मारहाण होते तिथे बाईने आधी स्वतःचा जीव सांभाळावा.

मधला मुलगा, परभणी
भांडण सुरू झाले की मी माळवदावर जाऊन बसत असे. मला कुणी शोधायला येत नसे, आणि मला ते बरेच वाटायचे.

धाकटा मुलगा, नांदेड जिल्हा
वडिलांनी पंढरपूरला माळ घातली आणि दारू खरोखर सुटली. घर मात्र जागचे हलले नाही. भजनाहून परतायला उशीर झाला की आई अजूनही आधी त्यांच्या तोंडाचा वास घेते. पूर्वी ‘याच्या काळजीनं पितो’ म्हणून बोल मला लागत, आता दुसरी कारणे सापडतात. कपाटाची किल्ली थोरल्या भावाकडेच असते, आणि दवाखान्यासाठी पैसे लागले तर वडील मला सांगतात, मी भावाला. त्याचाही दोष नाही. ती किल्ली त्याने पोरवयात, घरात पीठ नसताना हाती घेतली होती. येत्या पेरणीला बियाण्याचे पैसे वडिलांच्या हाती द्यावेत, एवढे मी त्याच्याशी बोलणार आहे.